बारा सप्टेंबरची आग

तारीखमास्तरांना जगातल्या बहुतेक राजांच्या मरणाच्या तारखा पाठ होत्या, आणि स्वतःच्या लग्नाची तारीख मात्र दर वर्षी बायकोनं आठवण केल्याशिवाय आठवायची नाही. "तुम्ही जगाचा संसार सांभाळा, घरचा मी बघते," असं ती म्हणायची. मास्तर हसायचे आणि वर्तमानपत्रात डोकं खुपसायचे. त्यांना रीतसर नाव होतं, पण ते पगाराच्या दिवसापुरतं. एरवी शिपायापासून संपादकापर्यंत सगळे त्यांना तारीखमास्तरच म्हणत. स्टेशनला स्टेशनमास्तर असतो, मग तारखांना आपण आहोत, असं ते स्वतःही मानत.

नोकरी मुद्रितशोधकाची. म्हणजे दुसऱ्यांनी लिहायचं आणि यांनी चुका काढायच्या. असं काम जन्मभर केलेला माणूस स्वतः कधी चुकू शकतो, हे त्याच्या मनातसुद्धा येत नाही. त्यांचं खरं राज्य दुसऱ्या पानाच्या डाव्या कोपऱ्यात होतं. वर हवामान, खाली गाड्यांच्या वेळा आणि मध्ये 'आजचा दिवस' ही चौकट. पाच ओळींची. या तारखेला कोण जन्मलं, कोण गेलं, कुठे तह झाला, कुठे बोट बुडाली. न्हाव्याच्या दुकानात पाळी येईपर्यंत लोक ती वाचत आणि मग दिवसभर चारचौघांत शहाणपण मिरवत.

ऑफिसात मास्तरांच्या टेबलामागे बुटांची बारा खोकी होती, एकेका महिन्याचं एकेक. आत कार्डं. कोशातून, जुन्या कॅलेंडरांतून, कुणाच्या तरी चरित्रातून उतरवून घेतलेली. माणूस चंद्रावर उतरला ते कार्ड जुलैच्या खोक्यात, आणि इतक्या वेळा हाताळलेलं की कडा मऊ पडल्या होत्या. इथवर सगळं ठीक होतं. पण थोरले साहेब, म्हणजे आधीचे संपादक, यांनी एक फतवा काढला: पाचातली एक ओळ आपल्या गावची पाहिजे.

आता गाव आपलं चारचौघांसारखं. त्याचा इतिहास तो किती असणार! पूल झाला, वीज आली, एकदा नदी रस्त्यावर आली, एकदा सर्कशीतला हत्ती सुटला. वर्षाला पुरणार कसा? मास्तरांनी ताणून ताणून पुरवला. नळाचं पाणी एकदाच आलं, पण चौकटीत ते तीनदा यायचं: मंजूर झालं तेव्हा, खणलं तेव्हा आणि प्रत्यक्ष आलं तेव्हा. हत्ती एका तारखेला सुटायचा आणि दुसऱ्या तारखेला सापडायचा. एवढं करूनही खोक्यांत भोकं उरलीच. मग मास्तरांनी हलवाहलव सुरू केली. ज्या तारखेला गर्दी, तिथली एखादी ओळ उचलायची आणि ओस पडलेल्या तारखेवर नेऊन ठेवायची. भाडेकरूला वरच्या खोलीतून खालच्या खोलीत हलवावं, इतकं ते साधं वाटायचं त्यांना. "खोटी घटना मी एकही छापली नाही," असं ते अभिमानानं सांगत. आणि ते खरंच होतं. घटना खरी, तारीख सोयीची.

तशीच हलली काडेपेटीच्या कारखान्याची आग.

ती लागली सत्तावीस नोव्हेंबरला. मास्तर तेव्हा नुकतेच नोकरीला लागलेले, आणि त्यांनी तपासलेली पहिली मोठी बातमी तीच. गंधक आणि लाकूड यांना पेटायला कितीसा वेळ लागणार? अकरा माणसं गेली, आणि जी बाहेर काढली ती ओळखू येत नव्हती. कारखाना पुन्हा उभा राहिला नाही. ज्यांची माणसं गेली ती कुटुंबं पोटासाठी चार दिशांना पांगली. पुढे पंधराएक वर्षांनी मास्तरांची चौकट सुरू झाली, तेव्हा सत्तावीस नोव्हेंबरला पाच ओळी आधीच भरलेल्या होत्या. त्यांत सुरुंगाची दारू शोधणाऱ्या माणसानं बक्षिसांचं मृत्युपत्र केलं, हीदेखील होती. ती कशी काढणार? जगप्रसिद्ध माणूस! उलट बारा सप्टेंबरला गावचं काहीच नव्हतं. मास्तरांनी आग उचलली आणि तिकडे ठेवली. म्हणाले, एका वर्षापुरती. पुढच्या वर्षी मागचं कात्रण समोर ठेवून चौकट जुळवली, त्याच्या पुढच्या वर्षी त्याच्या मागचं. एका वर्षाची पंचवीस वर्षं झाली.

या पंचवीस वर्षांत गावानं ती तारीख घेतली, आणि कुणी सक्ती केली नव्हती. बारा सप्टेंबरला लोक जुन्या कारखान्याच्या फाटकाशी फुलं ठेवू लागले. ज्यांनी आग डोळ्यांनी पाहिली होती तेही "हो, सप्टेंबरच तो" म्हणू लागले. सहा वर्षांपूर्वी नगरपालिकेनं तिथे दगड बसवला, वर अकरा नावं, खाली तारीख. तारीख चौकटीतून घेतलेली. त्या समारंभात मास्तरांना स्टेजवर बोलावून पुष्पगुच्छ दिला आणि नगराध्यक्ष म्हणाले, "हे आपल्या गावची स्मरणशक्ती आहेत." दगडावरची तारीख वाचून मास्तरांना खरी तारीख आठवली होती, नाही असं नाही. पण हातात गुच्छ होता, फोटो निघत होता. आता कोरलंय, कोण पुसणार, असं म्हणून ते घरी आले आणि गुच्छ पाण्यात ठेवला.

ऑगस्टच्या अखेरीस एका दुपारी एक बाई ऑफिसात आल्या. साठीच्या, सडपातळ, हातात कापडी पिशवी. शिपायानं त्यांना सरळ मास्तरांच्या टेबलाशी आणून सोडलं, कारण त्यांनी "तारखांचं बघतात ते" अशी चौकशी केली होती.

"बसा बाई. काय हवंय?"

"एकच विचारायचं होतं." बाई खुर्चीच्या अगदी कडेला टेकल्या. "ते काडेपेटीचं जळलं ना, त्या वर्षी सप्टेंबरात थंडी पडली होती का हो?"

मास्तर खूश झाले. इतक्या वर्षांत कुणी त्यांच्याकडे प्रश्न घेऊन आलं नव्हतं. ते मागे रेलले, हसले आणि म्हणाले, "सप्टेंबरात कसली थंडी, बाई! पंख्याखालून हलवत नाही. आपल्याकडे मफलर निघतात ते नोव्हेंबरात."

बाईंनी मान डोलावली. "म्हणजे माझंच चुकतंय," त्या हळूच म्हणाल्या आणि उठायला लागल्या.

"काय चुकतंय?"

"काही नाही. माझे मालक होते त्या अकरांत. त्या सकाळी मी त्यांच्या गळ्यात मफलर बांधला होता. मीच विणलेला, नवा. तोंडातून वाफ निघत होती त्यांच्या. मला तर तसंच आठवतं. पण तुमच्या पेपरात सप्टेंबर असतं, दगडावर सप्टेंबर आहे, सगळे सप्टेंबर म्हणतात. तुम्ही जाणकार. तुम्हीच म्हणताय थंडी नव्हती. मग मफलर मी कुणाला बांधला?"

मास्तरांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. ते काढायचं कसं हेच त्यांना सुचेना.

बाई पुन्हा बसल्या आणि बोलायला लागल्या. अशा शांतपणे, जसं काही शेजारणीचं सांगताहेत. आगीनंतर त्यांचा भाऊ त्यांना आपल्या गावी घेऊन गेला. तिथे गेल्यावर कळलं की दिवस राहिलेत. मुलगा झाला दहा ऑगस्टला. त्याला लहानाचा मोठा केला, शिकवला, तो मेकॅनिक झाला आणि इथल्याच बस डेपोत लागला, म्हणून मायलेक परत या गावात आले. सगळं छान चाललं होतं. मग दगड बसला.

"हौसेनं गेला होता बापाचं नाव बघायला. तिथे त्याचा काका भेटला. माझ्या दिरानं पहिल्यापासून मला पाण्यात पाहिलंय. त्यानं दगडावरच्या तारखेवर बोट ठेवलं आणि म्हणाला, मोज. तुझा वाढदिवस केव्हाचा, मोज." बाईंनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "अकरा महिने होतात, साहेब. बाप मेल्यावर अकरा महिन्यांनी कुणाचं पोर होतं?"

मास्तरांनी टेबलाखाली बोटांवर महिने मोजले.

"घरी आला आणि विचारलं, आग कधी लागली. मी म्हटलं, थंडीत. तो म्हणाला, तारीख सांग. मला तारीख कुठली येणार? मी मफलराचं सांगितलं. तो म्हणाला, छापलंय, कोरलंय, आणि तू मला मफलर सांगतेस? बापाच्या मृत्यूचा दाखला काढून बघितला, तर त्याच्यावर नोंद केल्याची तारीख, तीही पुढच्या वर्षातली. ओळख पटायलाच तेवढे दिवस गेले होते. तेव्हापासून सहा वर्षं त्यानं माझा उंबरा ओलांडलेला नाही. लग्न केलं, मुलगी झाली. मला लोकांकडून कळलं."

"बाई..."

"त्याचा राग नाही मला. मी आले ते वेगळ्यासाठी." आता पहिल्यांदा त्यांचा आवाज फुटला. "आग लागल्यावर तीन-चार महिने मी भानावर नव्हते. कुणी भरवलं तर खायचे. आधी मला वाटायचं, मी खरी आणि पेपर खोटा. पण सगळं गाव खोटं कसं असेल? मग मला वाटायला लागलं, त्या दिवसांत माझ्या बाबतीत काहीतरी घडलं असेल आणि मलाच माहीत नसेल. घरात कोण होतं तेव्हा? भाऊ होता. ज्यानं मला भरवलं, त्याच्याकडे मी संशयानं बघायला लागले. मागच्या वर्षी तो वारला. मी गेले नाही. सख्ख्या भावाला शेवटचं बघायला गेले नाही मी. म्हणून आले. मी खोटारडी आहे की वेडी, तेवढं तुम्ही सांगा. दोन्हीपैकी काही एक ठरलं की झोप तरी लागेल."

आपल्या चौकटीतून एखाद्या राजाचा मृत्यू इकडचा तिकडे झाला तर त्या राजाला काय फरक पडतो, असा मास्तरांचा हिशोब होता. त्या ओळींच्या पलीकडे कुणी जिवंत बाई असेल, कामं करत असेल, रात्र रात्र जागत असेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आणि कसं येणार? माणसाला आपल्या कामाचा गर्व झाला की शेजारी कोण रडतंय ते ऐकू येत नाही.

"बाई, तुमचं चुकत नाही," ते कसेबसे म्हणाले. "आग नोव्हेंबरातच लागली. सत्तावीस तारखेला. थंडी होती. मलाही आठवतं, त्या सकाळी शाई घट्ट झाली होती."

"मग हे सप्टेंबर?"

"ते मी केलं."

"का?"

इथे मास्तरांनी काहीतरी मोठं कारण शोधायचा प्रयत्न केला. माणसं एवढी मोडली, तर कारणही तेवढंच मोठं असायला हवं ना! पण नव्हतंच, तर सापडणार कुठून?

"बारा तारखेला जागा रिकामी होती," ते म्हणाले.

"जागा रिकामी होती," बाईंनी म्हणून पाहिलं. त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. त्यांनी थप्पड मारली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं. त्या उठल्या, पिशवी खांद्याला अडकवली आणि दारापर्यंत जाऊन म्हणाल्या, "मी वेडी नव्हते म्हणायची." मग जिन्याच्या कठड्याला धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. शिपाई सांगत होता, की बाई भावाचं नाव घेत होत्या.

मास्तर तडक संपादकांच्या केबिनमध्ये गेले. हे धाकटे साहेब, थोरल्यांचे चिरंजीव. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला, पण भलत्याच कारणासाठी.

"मास्तर, बारा तारखेला नगराध्यक्ष दगडापाशी येणार. आपल्याला त्यांची पानभर जाहिरात आहे. आता दुरुस्ती छापायची म्हणजे आपण आपल्याच तोंडाला काळं फासायचं."

"पण ती बाई, साहेब..."

"वाईट वाटतंच हो. पण जरा विचार करा. आग लागली ना? माणसं गेली ना? दोन महिने इकडे की तिकडे, काय बिघडतं?"

मास्तरांना धक्का बसला तो या वाक्याचा. कारण हे त्यांचंच वाक्य होतं, शब्दन् शब्द. पंचवीस वर्षांपूर्वी कार्ड एका खोक्यातून दुसऱ्यात टाकताना ते स्वतःशी हेच म्हणाले होते. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते इतकं निर्लज्ज लागेल याची त्यांना कल्पना नव्हती.

घरी गेल्यावर त्यांनी बायकोला सांगितलं. ती वाढता वाढता थांबली.

"आणि का केलंत विचारल्यावर काय सांगितलंत?"

"जागा रिकामी होती म्हणून."

बायकोनं टोमणा मारला नाही. इतक्या वर्षांच्या संसारात असं पहिल्यांदाच झालं. तिनं डाव परत पातेल्यात ठेवला, आत गेली आणि दार लोटून घेतलं. मास्तर ताटावर तसेच बसून राहिले. तिची एक शिवी मिळाली असती तरी घास उतरला असता.

दुसऱ्या दिवशी ते बस डेपोत गेले. मुलगा एका बसखाली खड्ड्यात उभा राहून काम करत होता. नुसता चेहरा दिसत होता, ग्रीसनं माखलेला, आणि बाईंचेच डोळे. मास्तरांनी खड्ड्याच्या काठावर उकिडवं बसून सगळं सांगितलं. मध्ये एकदा त्यानं पाना खाली ठेवला. मास्तरांना आशा वाटली.

"किती वर्षं छापताय?" त्यानं विचारलं.

"पंचवीस तरी."

"आणि काल आठवलं. ती येऊन रडली म्हणून."

"रडल्या नाहीत हो त्या."

"हे बघा काका, तुमचं वय आहे म्हणून नीट बोलतो." तो चिंधीनं एकेक बोट पुसायला लागला. "तुम्ही स्वतःच सांगताय की तुम्ही तारीख हलवली. म्हणजे तुम्ही तारखा हलवणारे. मग आज तिची दया आली म्हणून परत हलवत नाही आहात, हे कशावरून?"

कशावरून? जुने अंक वाळवीनं खाल्लेले, पाहिलेली माणसं स्वतः सप्टेंबर म्हणणारी. ज्या माणसाच्या शब्दावर गावानं दगड कोरला, त्याचा शब्द आज एका खड्ड्यातल्या माणसालाही पुरत नव्हता.

"तुमच्या आई सांगतात ना," मास्तर एवढंच म्हणाले.

"आई काहीही सांगेल." त्यानं पाना उचलला. "मुलीला मी सांगितलंय, आजी वारली. आता तिला काय सांगू, पेपरवाले काका म्हणाले म्हणून आजी उठून बसली? छापून आणा. मग बघू."

जिवंत आईला मारून ठेवलंय यानं, आणि तेही आपल्या चौकटीच्या भरवशावर. मास्तर डेपोतून बाहेर आले तेव्हा त्यांना रस्ता ओलांडायचं भान नव्हतं. एका रिक्षावाल्यानं आईवरून शिवी दिली तेव्हा ते बाजूला झाले.

दुसरं पान दुपारीच लागतं, कारण त्यात शिळंच सगळं. ते यंत्रावर जाण्याआधी शेवटची नजर मुद्रितशोधकाची. अकरा तारखेच्या दुपारी मास्तरांनी पाचवी ओळ खोडली आणि तिथे लिहिलं: "काडेपेटीच्या कारखान्याची आग बारा सप्टेंबरला लागली असे आम्ही दर वर्षी छापत आलो. ते खोटे आहे. आग सत्तावीस नोव्हेंबरला लागली. चौकटीत जागा रिकामी होती म्हणून या मुद्रितशोधकाने ती हलवली." मजकूर चौकटीत मावेना. त्यांनी वरचं हवामान उडवलं. त्या दिवशी पाऊस येणार की नाही हे गावाला कळलं नाही, आणि तो आला.

बारा तारखेला दगडापाशी जो गोंधळ झाला तो काय सांगावा! नगराध्यक्ष पुष्पचक्र घेऊन उभे, पाऊस पडतोय, आणि गर्दीतला प्रत्येकजण भिजका पेपर हातात धरून दुसऱ्याशी भांडतोय. एक म्हातारे गृहस्थ तर छाती ठोकून सांगत होते, "मी स्वतः विझवायला धावलो होतो! सप्टेंबरच होता! घामानं निथळत होतो मी!" आगीशी उभा राहिला म्हणजे माणूस नोव्हेंबरातही निथळतो, हे त्यांना कोण सांगणार? ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच सप्टेंबर आठवत होता. मास्तर लांबून हे बघत होते. त्यांनी एक तारीख हलवली होती, पण माणसांची डोकी त्या तारखेबरोबर हलली होती, आणि ती परत जागेवर आणायची युक्ती कुठल्याच खोक्यात नव्हती.

धाकट्या साहेबांनी सकाळीच निरोप धाडला होता, की उद्यापासून येऊ नका. मास्तरांना त्याचं काही वाटलं नाही. पेपर शर्टाच्या आत धरून ते बाईंच्या घरी गेले. एका शिंप्याच्या दुकानावरची खोली. खिडकीत बसून बाई काजं-बटणं करत होत्या, शेजारी शर्टांची चळत. त्यांनी मास्तरांना आत बोलावलं, तोंड पुसायला फडकं दिलं आणि पेपर हातात घेऊन अक्षर अक्षर लावत वाचला.

"रिकामी होती म्हणून, हेही लिहिलंत," त्या म्हणाल्या.

"हो."

"बरं केलंत."

त्यांनी पेपर घडी करून मास्तरांना परत दिला आणि सुई उचलली. तेवढ्यात जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. दारात मुलगा उभा. डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला, पण हातातला पेपर प्लॅस्टिकच्या पिशवीत, कोरडा.

"आई." उंबऱ्याच्या बाहेरच तो गुडघ्यांवर बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. "आई, चुकलो गं. छापलंय, आई. हे बघ, छापलंय."

मास्तरांचेही डोळे भरून आले. जमलं, असं त्यांना वाटलं. नोकरी गेली, अब्रू गेली, पण हे एक जमलं. ते उठून बाजूला झाले, मायलेकांना वाट करून द्यायला.

बाई उठल्या नाहीत. त्यांनी सुई शर्टात टोचून ठेवली.

"हे मी तुला सांगितलं होतं. याच दारात."

"हो, आई."

"थंडी होती म्हटलं होतं. वाफ निघत होती म्हटलं होतं. मग आज वेगळं काय झालं?"

मुलगा गोंधळला. त्यानं पिशवीतला पेपर पुढे धरला. "तेव्हा दगडावर तसं होतं ना. आता यांनी स्वतः कबूल केलंय. नाव नाही घातलं, पण यांनीच."

"आणि उद्या हे म्हणाले, की हेही चुकलं, तर?"

मास्तरांनी मान खाली घातली. त्यांना या प्रश्नाचं उत्तर ठाऊक होतं, आणि ते बाईंनाही ठाऊक होतं.

"तो कागद खाली टाकून दे," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ झाला होता. "टाक आणि आत ये. मी सांगते म्हणून ये."

मुलानं पेपराकडे पाहिलं. मग जिन्याखाली साचलेल्या पाण्याकडे. एक पळभरच, पण मास्तरांना तो पळ आठवणीतल्या कुठल्याही वर्षापेक्षा लांब वाटला. मग त्यानं पेपर पिशवीत सरळ केला, पिशवीची नीट घडी घातली आणि आतल्या खिशात ठेवून वरून बटण लावलं.

"राहू दे, आई," तो डोळे पुसत म्हणाला. "सख्ख्या काकाच्या तोंडावर मारायला लागेल ना."

आणि तो आत आला. बाईंनी त्याच्या डोक्यावरचं पाणी पदरानं टिपलं. तो सुटल्यासारखा बोलत होता: आता सगळं पहिल्यासारखं करू, ही खोली सोड, माझ्याकडे चल, उद्या पोरीला घेऊन येतो, तिला म्हणतो आजी गावाला गेली होती.

"केवढी आहे?" बाईंनी विचारलं.

"पाचवं लागेल आता."

"वाचता येतं तिला?"

"नाही गं, एवढ्यात कुठलं! अजून अक्षरंही ओळखत नाही."

"मग आण तिला," बाई म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या. मुलगा हसला. त्याला काहीच कळलं नव्हतं.